मेथी, कारलं, दालचिनी आणि ३०० पट्ट्या

६ जानेवारी

एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ७.९ आली. मागच्या खेपेला ७.३ होती. दोन वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० ही गोळी चालू आहे, दुपारी आणि रात्री जेवणानंतर एकेक. डॉक्टर दुसरी गोळी सुरू करू म्हणत होत्या. मी थोडा वेळ मागितला. मेथी, कारलं, दालचिनी यांबद्दल वर्षानुवर्षं ऐकत आलेय, पण आपल्या शरीरात यातलं नेमकं काय चालतं हे मी कधी मोजलेलं नाही. एकदा मोजून बघायचं आहे.

डॉक्टरांनी चार महिने दिले, अटी घालून. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. एका वेळी एकच वनस्पती. साखर ७० च्या खाली गेली तर सगळं थांबवून फोन करायचा. उपाशीपोटीची सलग तीन दिवस १८० च्या वर गेली तर लगेच दाखवायला यायचं. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि यकृतासाठी एसजीपीटी, दोन्ही आधी आणि नंतर तपासायचं. माझी थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून टीएसएचसुद्धा.

ही वही वाचून कोणी असंच करणार असेल तर एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवते. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे त्यांची साखर एकदम खाली घसरण्याचा धोका माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये. गरोदर बायकांनी तर नाहीच.

सामान: ग्लुकोमीटर (घरी साखर मोजायचं यंत्र), त्यात घालायच्या पट्ट्यांचे दोन डबे (एकेकात ५०), ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा, वही.

८ जानेवारी

दोन दिवसांत नऊ पट्ट्या संपवल्या आणि हाती काही लागलं नाही. आकडे असे: १६८, १४१, २०३, १५५, १९०... कधी जेवणाआधी, कधी नंतर, कधी चहा घेतल्यावर. कोणता आकडा कशाशी ताडून बघायचा?

म्हणून आता नियम. दिवसातून दोनच वेळा मोजायचं. एक, सकाळी उठल्यावर उपाशीपोटी. दुसरं, नाश्त्याचा पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी. शेवटच्या घासापासून नाही, पहिल्या. नाश्ता रोज तोच आणि तोलून. आणि पहिले चौदा दिवस कुठलीही वनस्पती घ्यायची नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात जड गेली. मेथी भिजवायला म्हणून काढून ठेवली होती, ती परत डब्यात टाकली.

११ जानेवारी

उपाशीपोटी २४१. पोटात गोळाच आला. मग आठवलं, मोजायच्या आधी फळ सोललं होतं आणि हात नुसतेच फडक्याला पुसले होते. साबणाने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचलं: १५८.

बोटाला चिकटलेला फळाचा रस इतका फरक करतो. रक्ताचा थेंब मोहरीएवढा, त्यात बाहेरची किंचित साखर मिसळली तरी आकडा फुगतो. आता दरवेळी हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे (पाणी राहिलं तर रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो), बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं. कडेला दुखतंही कमी.

१४ जानेवारी

एकाच बोटातून, एकाच मिनिटात दोन पट्ट्या: १५२ आणि १६३. यंत्र बिघडलेलं नाही. घरगुती मीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकातच एवढी सूट आहे: १०० आणि त्यावरच्या साखरेला ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले की चालतात. म्हणजे खरी साखर २०० असताना मीटरने १७५ दाखवलं किंवा २२५ दाखवलं, तरी दोन्ही नियमात बसतं.

हे कळल्यावर मी बराच वेळ वहीकडे बघत बसले. ‘काल २०५ होती, आज एक चमचा अमुक घेतलं आणि १८५ आली’ अशा किती गोष्टी मी ऐकल्यात, स्वतःही सांगितल्यात. एका आकड्यावरून यापुढे काही ठरवायचं नाही. किमान सात दिवसांची सरासरी.

२२ जानेवारी

काहीही न घेता चौदा दिवस झाले. दोन दिवस बाद केले: एका रात्री झोपच झाली नव्हती, आणि एक दिवस अंगात ताप होता. आजारपणात आणि जागरणात साखर आपोआप चढते, ते आकडे धरले तर पुढची तुलना खोटी ठरेल.

उरलेल्या १२ दिवसांचा हिशोब (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर):
उपाशीपोटी १३८ ते १५९, सरासरी १४८.
नाश्त्यानंतर १८९ ते २३६, सरासरी २११.

हा पट्टा (सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त) बघा. काहीही न बदलता, तोच नाश्ता खाऊन, साखर ४७ अंकांनी वरखाली होते. मी १८९ च्या दिवशी मेथी सुरू केली असती तर मेथीचा जयजयकार केला असता.

२३ जानेवारी

मेथी सुरू. १० ग्रॅम दाणे रात्री पाण्यात भिजवले, सकाळी पाणी गाळून प्यायले. दाणे टाकून दिले.

३० जानेवारी

आठवडाभराची सरासरी २०८. म्हणजे काही नाही.

चूक माझी होती. मेथीत जे मुख्य काम करतं ते दाण्यातला विरघळणारा तंतू, गॅलॅक्टोमॅनन. भिजवलेल्या दाण्यावर जो बुळबुळीत थर येतो, बोटाने चोळला तर तार सुटते, तोच. पोटात गेल्यावर त्याची खीर होते आणि अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते. मी पिवळं कडू पाणी पीत होते आणि मुख्य माल कचऱ्यात टाकत होते. आठ दिवस आणि १६ पट्ट्या गेल्या.

३१ जानेवारी ते ४ फेब्रुवारी

दाणे चावून खायला लागले, थेट १० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, तिसऱ्या दिवशी जुलाब. दोन दिवस काहीच घेतलं नाही. मग ३ ग्रॅमपासून चढत जायचं ठरवलं. जे कोणी करतील त्यांनी पहिल्या दिवसापासूनच असं चढत जावं, भरपूर पाणी पीत.

यातच दुसरी चूक सापडली. थायरॉईडची गोळी मी सकाळी सहाला उपाशीपोटी घेते आणि मेथी त्याच्या पाठोपाठ घेत होते. असे तंतू थायरॉईडची गोळी आतड्यात नीट शोषू देत नाहीत. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘गोळी आणि मेथी यांत चार तास जाऊ द्या. मेथी तशीही रिकाम्या पोटी कशाला घेताय? ती अन्नात मिसळली पाहिजे.’’ थायरॉईडची गोळी आता रात्री, जेवणानंतर चार तासांनी झोपताना. वेळ बदलल्यामुळे टीएसएच पुन्हा बघायचं ठरलं.

८ फेब्रुवारी

नवी पद्धत: दाणे न भाजता जाडसर दळलेले, १० ग्रॅम, अर्धा तास पाण्यात भिजवून नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर. कडू आहे. चौथ्या दिवसापासून जीभ सरावली.

१८ फेब्रुवारी

दहा दिवस नीट झाले. नाश्त्यानंतरची सरासरी १८६. उपाशीपोटीची १४६, म्हणजे होती तिथेच.

२११ वरून १८६. हा आकडा मी तीनदा बेरीज करून तपासला. आनंद झाला, लपवत नाही. मेथी उपाशीपोटीच्या साखरेला हात लावत नाही, जेवणानंतरचा चढ कापते, असं दिसतंय. कामाची रीत बघता ते पटण्यासारखं आहे.

घामाला मेथीचा वास येतो. लघवीलाही. सुरुवातीला घाबरले होते, पण मेथी खाणाऱ्यांना हे होतंच, घाबरायचं कारण नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर मात्र मेथीबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

१९ ते २५ फेब्रुवारी

मेथी मुद्दाम बंद. जे चाललंय ते थांबवणं जिवावर येतं, पण त्याशिवाय खात्री कशी होणार? आठवड्याची सरासरी २०७. साखर परत जुन्या जागी आली, तेव्हा कुठे मेथीवर माझा विश्वास बसला.

२६ फेब्रुवारी

कारलं. बिया काढून, थोडं पाणी घालून वाटून गाळलेला ५० मिली रस, नाश्त्याआधी.

२ मार्च

चौथ्या दिवशी रस घेतल्यावर पाऊण तासात पोटात पीळ पडला, घाम आला, मळमळ सुरू झाली. नाश्ता अर्धाच गेला. नाश्त्यानंतरचा आकडा: १७१.

वहीत १७१ लिहिला, त्याखाली ‘कारल्याचा गुण!’ असंही लिहिलं. संध्याकाळी तेच पान बघताना शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं: ‘नाश्ता अर्धा’. साखर कारल्याने उतरली नव्हती, मी कमी खाल्लं म्हणून उतरली होती. ओळ खोडली आणि दिवस बाद केला. एखादा काढा घेऊन भूक मरत असेल तर साखर उतरणारच. तो गुण काढ्याचा की न खाल्लेल्या घासांचा, हे नाश्ता तोलल्याशिवाय कळत नाही. मी तोलत होते म्हणून कळलं.

रस बंद. उरलेले दिवस शिजवलेलं कारलं, १०० ग्रॅम.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. ‘कडू तेवढं औषधी’ या समजुतीने लोक दुधीचाही रस पितात. कारल्याचा कडूपणा त्याचा स्वतःचा आहे. दुधी कडू लागला तर तो विषारी आहे. त्यातल्या क्युकरबिटासिनने उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जातं, माणसं दगावली आहेत. दुधीचा घोट कडू लागला की तिथेच थुंकून टाका.

९ मार्च

कारल्याचा हिशोब: उपाशीपोटी १४७, नाश्त्यानंतर २०४. काही न घेता जो पट्टा होता त्यातच. भाजी म्हणून खाईन, औषध म्हणून नाही.

१३ मार्च

हे पान लिहायला एक दिवस उशीर झालाय. हात थरथरत होता म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून.

१० तारखेला ताई आली. तिलाही मधुमेह आहे. तिने एक चूर्ण आणलं होतं, साध्या पिशवीत, वर नाव नाही, घटक नाहीत, काही नाही. ‘‘यात फक्त झाडपाला आहे. माझी साखर आठ दिवसांत उतरली,’’ ती म्हणाली. एका वेळी एकच वनस्पती हा माझा नियम होता, आणि यात किती आहेत तेही ठाऊक नव्हतं. तरी घेतलं, सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा.

पहिल्या दिवशी नाश्त्यानंतर १३९. गेल्या कित्येक महिन्यांत मी असा आकडा पाहिला नव्हता. पुन्हा मोजला, १४४. खूश होऊन ताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी १२१.

काल, १२ तारखेला, सकाळी पावणेबाराला कपाट आवरत होते. आधी ओठांभोवती मुंग्या आल्या. मग अंगातून गार घाम सुटला, कपाळावरून नाकावर थेंब आला. हातातली घडी धरवेना. पट्टी डबीतून काढताना दोन खाली सांडल्या. मीटरवर ५८.

१५ ग्रॅम साखर पाण्यात ढवळून प्यायले. पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसले. ६६. पुन्हा १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी ८१. मग जेवले आणि डॉक्टरांना फोन केला.

त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं: ‘‘नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर सहसा ५८ पर्यंत जात नाही. अजून काय घेतलंत?’’ चूर्णाचं सांगितल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘झाडपाला इतक्या लवकर, इतकं खाली आणत नाही. यात साखर उतरवणारी गोळी कुटून घातलेली असू शकते. तसं असेल तर तिचा असर दिवसभर राहतो. आज रात्री एकटं झोपू नका, दर तीन तासांनी मोजा, ७० च्या खाली गेली तर साखर घेऊन थेट दवाखाना गाठा.’’

रात्री अकराला ७९, दोनला ८३, पाचला ९६. घरातलं माणूस शेजारी गजर लावून बसलं होतं.

चूर्ण मी तपासून घेतलेलं नाही, म्हणून त्यात काय होतं ते मी ठामपणे लिहू शकत नाही. पण ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळ्यांतली औषधं लपवलेली सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. घेणाऱ्याला मात्रा माहीत नाही, डॉक्टरांना नाव माहीत नाही, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते औषध अंगात साचत जातं.

१४ मार्च

ताईशी बोलणं झालं.

‘‘अगं, पण सगळ्यांना फरक पडतो त्याने,’’ ती म्हणाली.

‘‘ताई, फरक पडतो म्हणूनच भीती वाटतेय मला.’’

‘‘आणि तुझ्या त्या गोळ्या? त्या रसायनंच ना?’’

तिला मेटफॉर्मिनची गोष्ट सांगितली. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची एक वनस्पती आहे, युरोपात जुन्या काळापासून औषधात वापरायचे. तिच्यात ग्वानिडिन जातीची द्रव्यं असतात, ती साखर उतरवतात, पण नुसती घेतली तर फार विषारी. त्यांच्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झां स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. म्हणजे माझ्या गोळीचं मूळही झाडातच आहे. फक्त पाकिटावर ५०० मिलिग्रॅम लिहिलंय, आणि ते ५०० च आहे.

ताई काही बोलली नाही. पण पिशवी घेऊन तिच्या डॉक्टरांकडे जायला तयार झाली. चूर्ण एकदम सोडलं तर तिची साखर उसळेल, म्हणून दाखवूनच सोडायचं असं ठरलं.

२३ मार्च

दहा दिवस काही घेतलं नाही. उपाशीपोटी १४९, नाश्त्यानंतर २१०. परत मूळ पट्ट्यावर. त्या चूर्णापायी दोन आठवडे आणि ३४ पट्ट्या गेल्या.

२४ मार्च

दालचिनी. डब्यातली काढली आणि आधी ती कोणती ते बघितलं. जाड, कडक, एकाच वळकटीची साल असेल तर ती कॅसिया. सिलोनची दालचिनी कागदासारख्या पातळ थरांची असते, विडीसारखी गुंडाळलेली, दोन बोटांत चुरडते. माझ्याकडे कॅसिया होती.

फरक महत्त्वाचा आहे. कॅसियात कुमारिन बरंच असतं आणि ते काही लोकांच्या यकृताला बाधतं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. चमचाभर कॅसिया रोज घेतली तर ही मर्यादा सहज ओलांडू शकते. सिलोनच्या दालचिनीत कुमारिन नावापुरतं. ती शोधण्यात दोन दिवस गेले. १ ग्रॅम, नाश्त्याबरोबर.

१३ एप्रिल

एकोणीस दिवस. उपाशीपोटी १४५, नाश्त्यानंतर २०६. पट्ट्यातच. २०१२ साली कॉक्रेन (अनेक चाचण्या एकत्र पारखणारी संस्था) हिच्या आढाव्यात दालचिनीच्या १० चाचण्या, ५७७ माणसं एकत्र धरली होती, त्यातूनही ती सुचवण्याजोगा पुरावा निघाला नाही. माझी वही त्याच बाजूला आहे. वासासाठी घालीन.

१४ एप्रिल

गुडमार. नावातच गुण आहे: गूळ मारते ती. वाळलेलं पान मिनिटभर चावलं, जिभेवर सगळीकडे फिरवलं, चूळ भरली. मग चिमूटभर साखर तोंडात टाकली.

वाळू. दुसरा शब्द नाही. दाणे जिभेवर फिरतात, दाताखाली कचकचतात, विरघळतात, आणि गोड असं काहीच लागत नाही. खारट, आंबट, कडू सगळं नीट लागतं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव अडवतात. माझ्या जिभेवर चाळीस मिनिटं टिकलं.

२५ एप्रिल

गुडमारचे साखरेचे आकडे: १४४ आणि २०१. थोडे खाली, पण पट्ट्याबाहेर नाहीत. यावरून मी काही म्हणणार नाही. उपयोग दुसरीकडे झाला. दुपारी चार वाजता मला गोड खायची जी अनावर ओढ लागते, तेव्हा एक पान चावायचं. या अकरा दिवसांत चारचं गोड नऊ वेळा टळलं. पण ताईसाठी हे मी सुचवलं नाही. तिला आता वेगळी गोळी सुरू झाली आहे, आणि गुडमारने साखर आणखी उतरली तर तिला धोका.

१ मे

जांभळाच्या बियांची पूड सहा दिवस. बद्धकोष्ठ झालं, आकड्यांत फरक नाही. सोडली. सहा दिवस थोडेच आहेत, पण पोट ऐकेना.

३ मे

आज काही न घेण्याचा दिवस होता. नाश्ता झाल्यावर लगेच कामाला बाहेर पडावं लागलं, वीस मिनिटं चालत गेले. दोन तासांनी १७६.

काही न घेता १७६! मेथीच्या सरासरीपेक्षाही खाली. चालताना स्नायू रक्तातली साखर स्वतःहून ओढून घेतात हे माहीत होतं, पण वहीत त्यासाठी रकानाच नव्हता. मग छातीत धस्स झालं. मेथीच्या दहा दिवसांत मी नाश्त्यानंतर चालले होते का?

मागची पानं काढली. शेरे चाळले. तीन दिवस होते: १७४, १७८, १८१. ते वगळून उरलेल्या सात दिवसांची सरासरी काढली: १९०. म्हणजे मेथीने साखर २५ ने नाही, २१ ने उतरवली. फरक उरला, पण मी फेब्रुवारीत लिहिलं होतं त्यापेक्षा कमी. १८ फेब्रुवारीच्या पानावर लाल शाईने दुरुस्ती केली. तुम्ही वही आखाल तेव्हा ‘चालणं’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. झोपेचा आणि आजारपणाचाही.

५ ते १६ मे

दोन्ही एकत्र: नाश्त्याबरोबर १० ग्रॅम मेथी आणि नंतर पंधरा मिनिटं चालणं. बारा दिवसांची सरासरी १६८. उपाशीपोटी १४१.

एका डब्याचं झाकण रात्रभर उघडं राहिलं, दमट हवेत. त्यातल्या पट्ट्यांनी सकाळी एकाच बोटाला ११८, १६०, १३३ असे तीन आकडे दिले. उरलेल्या २२ पट्ट्या फेकल्या. झाकण लावताना ‘टक’ आवाज आला पाहिजे.

१८ मे

एचबीएवनसी ७.२. एसजीपीटी आणि क्रिएटिनिन ठीक. टीएसएच मर्यादेत. वजन अडीच किलो कमी.

श्रेय कोणाचं, असं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वही उलटसुलट चाळली आणि म्हणाल्या, ‘‘मेथीचं थोडं, चालण्याचं बरंच, चारच्या गोडाचं बरंच. आणि गोळी तुम्ही एकदाही चुकवली नाहीत, तेही धरा.’’ एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि तिच्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा असतो. त्यामुळे मेची मेथी आणि चालणं त्यात पुरतं उतरलेलं नाही. दुसरी गोळी तूर्त पुढे ढकलली. मेटफॉर्मिन आहे तशी. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि डोळ्यांचा पडदा या महिन्यातच तपासून घ्यायचा, तो मी दोन वर्षं टाळला होता.

सहा डबे, ३०० पट्ट्या. त्यातल्या ६० च्या वर वाया: न धुतलेले हात, अपुरा थेंब, उघडं झाकण, आणि ती मार्चमधली रात्र.

पुढे चालू ठेवणार: मेथी, चालणं, चार वाजता लागलंच तर गुडमारचं पान. बाकी सगळं स्वयंपाकघरात परत.

२१ मे

ताई वही घेऊन आली. नवी कोरी, रकाने आखलेली: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, झोप, चालणं, आजारपण. तिला मेथी आजच सुरू करायची होती. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार, तोवर चौदा दिवस नुसतं मोज. तिने साबणाने हात धुतले, पुसून कोरडे केले, करंगळीच्या कडेला टोचलं. १६३. तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: काहीही घेतलेलं नाही.